संध्याकाळी चढणारा ताप आणि डॉक्टरांना न सांगितलेले काम



आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत कुणाला ताप आला की पहिले नाव मलेरियाचे निघते. ते बरोबरच आहे. राज्यात मलेरियाचा सर्वांत जास्त त्रास गडचिरोली जिल्ह्यालाच आहे. म्हणून ताप आला की आधी मलेरियाची रक्त तपासणी करायची, हा नियम कायम ठेवा. पण तपासणीत मलेरिया निघाला नाही, टायफॉइडच्या गोळ्या खाऊन झाल्या, सलाईनही लावून झाले आणि तरीही ताप जात नसेल, तर पुढे काय? आज त्याच तापाबद्दल बोलायचे आहे.

समजा, आपल्या वस्तीतला एक माणूस आहे. वय पस्तीस-चाळीस. बाजाराच्या दिवशी मटणाच्या दुकानावर बोकड सोलायचे काम करतो, एरवी मिळेल ती मजुरी. गेले महिनाभर त्याला रोज संध्याकाळी अंग मोडून ताप येतो. रात्री इतका घाम येतो की बनियन पिळावे लागते. सकाळी बरे वाटते म्हणून कामावर जातो. कंबर धरते, गुडघे दुखतात, जेवण जात नाही, वजन उतरत चालले आहे. आठ दिवस ताप राहतो, मग चार दिवस नसतो, आणि पुन्हा सुरू होतो. तो तीन दवाखाने फिरला. प्रत्येक ठिकाणी विचारले, "काय काम करतोस?" प्रत्येक ठिकाणी त्याने सांगितले, "मजुरी."

त्याने खोटे काही सांगितले नाही. पण जे सांगायला हवे होते तेही सांगितले नाही. "मी जनावरे कापतो, सोलतो" हे एक वाक्य बोलला असता तर डॉक्टरांच्या डोक्यात वेगळा आजार आला असता. त्याचे नाव आहे ब्रुसेल्लोसिस.

हा आजार कोणता?

ब्रुसेल्ला नावाच्या अतिशय बारीक जंतूमुळे हा आजार होतो. मूळ आजार जनावरांचा. गाय, म्हैस, बकरी, मेंढी आणि डुक्कर या सगळ्यांना तो होतो आणि त्यांच्याकडून माणसाला लागतो. पशुवैद्यकीय दवाखान्यात याला 'सांसर्गिक गर्भपात' म्हणतात, कारण जनावरात त्याची मोठी खूण म्हणजे गाभडणे. माणसात ताप लाटांसारखा चढतो-उतरतो, म्हणून पूर्वी त्याला 'लाटांचा ताप' किंवा 'माल्टा ताप' म्हणत.

माल्टा हे भूमध्य समुद्रातले बेट आहे. तिथले इंग्रज सैनिक तापाने आजारी पडत, काही मरत, आणि कारण सापडत नव्हते. १८८७ साली डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरांनी मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून हा जंतू शोधला. जंतू सापडला, पण तो येतो कुठून हे कळायला आणखी अठरा वर्षे गेली. १९०५ मध्ये माल्टाचेच डॉक्टर थेमिस्टोक्लिस झामिट यांनी बकऱ्यांचे रक्त तपासले. धडधाकट दिसणाऱ्या बकऱ्यांमध्ये तो आजार निघाला. सैनिक त्याच बकऱ्यांचे कच्चे दूध पीत होते. १९०६ मध्ये सैन्यात ते दूध बंद केले आणि तापाचे रुग्ण एकदम कमी झाले. गाईंना गाभडवणारा जंतू डेन्मार्कच्या बर्नहार्ड बांग यांनी १८९७ मध्येच शोधला होता. पण बकरीचा आणि गाईचा जंतू एकाच जातकुळीचा आहे, हे १९१८ मध्ये अमेरिकेतल्या ॲलिस इव्हान्स या बाईंनी दाखवून दिले. सुरुवातीला त्यांचे म्हणणे कुणी फारसे मनावर घेतले नाही.

या गोष्टीतून आपल्या कामाचे एवढेच घ्यायचे: जनावर धडधाकट दिसले म्हणजे ते निरोगी आहे असे नाही.

आपल्याकडेही हा आजार आहे. सोलापूरला लागून असलेल्या विजापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी तापाच्या रुग्णांमध्ये हा आजार मुद्दाम शोधला. १६ वर्षांत जवळपास ५०० मोठ्या माणसांमध्ये तो निघाला. त्यांनी ही माहिती २००६ मध्ये प्रसिद्ध केली. शोधले म्हणून सापडला. जिथे शोधत नाहीत, तिथे तो टायफॉइड, टीबी किंवा संधिवात या नावांखाली लपून राहतो.

जनावरात कसा ओळखायचा?

गाय किंवा म्हैस पाच महिन्यांनंतर, बहुतेक वेळा सातव्या ते नवव्या महिन्यात गाभडते. वार अडकून राहते. नंतर कित्येक दिवस घाण जाते. पुढे ती लवकर गाभण राहत नाही, दूध घटते. सांड किंवा हेल्याचे वृषण सुजतात. काही जनावरांच्या गुडघ्यावर पाण्याची गाठ येते. बकऱ्यांमध्ये एकापाठोपाठ दोन-तीन बकऱ्या गाभडल्या तर हा आजार मनात आणलाच पाहिजे.

फसगत होते ती इथे. एकदा गाभडलेली गाय पुढच्या वेळी बरेचदा पूर्ण दिवस भरून वासरू देते. घरचे म्हणतात, "सुधारली." पण तिच्या अंगात जंतू राहतोच. दुधातून, वारेतून, विताना जाणाऱ्या पाण्यातून तो बाहेर पडत राहतो.

माणसाला कसा लागतो?

चार वाटा आहेत. हाताला चीर, खरचटणे, सुरीचा कट असेल तर त्यातून. रक्त किंवा गर्भाचे पाणी डोळ्यात उडाले तर डोळ्यातून. उडालेले बारीक तुषार श्वासातून. आणि कच्चे दूध किंवा न धुतलेला हात तोंडात गेला तर तोंडातून. आजार व्हायला फार जंतू लागत नाहीत. श्वासातून गेलेले दहा ते शंभर जंतूही पुरतात. २०१९ साली चीनमधल्या लांझोऊ शहरात जनावरांची ब्रुसेल्ला लस बनवणाऱ्या कारखान्यातून जंतू हवेत मिसळले आणि आसपासच्या दहा हजारांहून जास्त लोकांच्या तपासण्या बाधित निघाल्या. त्यांतल्या बहुतेकांचा जनावराशी काही संबंध नव्हता.

सर्वांत जास्त जंतू असतात ते गाभडलेल्या गर्भात, वारेत आणि गर्भपिशवीतल्या पाण्यात. त्याखालोखाल कास, प्लीहा, यकृत, वृषण आणि लसिकागाठींत. नुसत्या मांसात कमी असतात.

म्हणून धोका कामाप्रमाणे ठरतो. आपल्या भागात ही कामे करणारे कोण आहेत ते बघा:

१. कत्तलखान्यात किंवा मटणाच्या दुकानावर कापणारे, सोलणारे, पोट साफ करणारे, आतडी धुणारे.
२. डुक्कर कापणारे व पाळणारे.
३. मेलेली जनावरे उचलणारे नगरपरिषदेचे व ग्रामपंचायतीचे सफाई कामगार.
४. कातडी आणि हाडे गोळा करणारे.
५. गोठ्यात काम करणारे गडी, गुराखी आणि दूध काढणाऱ्या बाया.
६. बकऱ्या पाळणाऱ्या आपल्या बचत गटाच्या भगिनी. बकरी अडली की त्याच हात घालतात.
७. पशुवैद्यकीय दवाखान्यातले परिचर व लस टोचणारे.

महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि सांड कापायलाही कायद्याने बंदी आहे. म्हणून काहींना वाटते की गाईचा आजार आता कापणाऱ्याला कसा लागेल? पण म्हशी, बकऱ्या, मेंढ्या आणि डुकरे कापली जातातच, आणि हा आजार त्या सगळ्यांत असतो. उलट माणसाला सर्वांत जास्त त्रास देणारा प्रकार बकरी-मेंढीचा आहे. आणि गाय कापली नाही तरी ती गाभडते, आणि तिची वार कुणीतरी उचलतेच.

कापताना सर्वांत घातक क्षण

कत्तलखान्यात सर्वांत घातक वेळ म्हणजे गाभण जनावर कापले जाते आणि सुरी गर्भपिशवीला लागते ती. पिशवी फुटली की पाणी तोंडावर, डोळ्यांत, हातांवर उडते. केंद्र सरकारच्या २००१ च्या कत्तलखाना नियमांप्रमाणे गाभण जनावर कापता येत नाही. पशुवैद्यकाने तपासून दाखला दिल्याशिवाय कोणतेही जनावर कापता येत नाही. एका डॉक्टरने तासाला १२ पेक्षा जास्त आणि दिवसाला ९६ पेक्षा जास्त जनावरे तपासू नयेत, असेही त्यात लिहिले आहे. हे नियम जनावरावर क्रूरता होऊ नये म्हणून केलेले आहेत. पण ते पाळले तर कापणाऱ्या माणसाचाही जीव वाचतो. कामगारांनी मालकाला आणि नगरपरिषदेला हे नियम दाखवून तपासणी मागितली पाहिजे.

गर्भपिशवी दिसलीच तर ती फोडू नका. दोन्ही टोकांना बांधून अखंड बाहेर काढा आणि वेगळी ठेवा. आत काय आहे ते बघायला चिरू नका.

माणसातली लक्षणे

जंतू अंगात गेल्यावर साधारण एक ते चार आठवड्यांत आजार दिसतो. कधी कधी काही महिनेही लागतात. त्यामुळे "मागच्या पोळ्याला बकरी गाभडली होती" हे आठवून सांगणे महत्त्वाचे आहे.

ताप, बहुतेक वेळा संध्याकाळी वाढणारा. रात्री भरपूर घाम. सांधे, कंबर आणि माकडहाड दुखणे. खूप थकवा, भूक मंदावणे, वजन उतरणे. मन उदास होणे. पुरुषांमध्ये एका बाजूचा वृषण सुजून दुखणे. लाजेमुळे हे कुणी सांगत नाही, पण डॉक्टरांसाठी ही मोठी खूण असते. गरोदर बाईचा गर्भ पडू शकतो. उपचार लांबला तर जंतू पाठीच्या मणक्यात, मेंदूच्या आवरणात किंवा हृदयाच्या झडपांत जाऊन बसतो. या आजाराने मरणारे शंभरात दोनपेक्षा कमी असतात, आणि ते बहुतेक हृदयाच्या झडपांच्या बिघाडाने जातात. पण जो मरत नाही, तोही वर्षभर कामाला उपयोगी राहत नाही. हातावर पोट असलेल्या घरात याचा अर्थ काय, ते आपल्याला सांगायला नको.

काम का लपवले जाते?

यावर मोकळेपणाने बोलले पाहिजे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या माणसांना मृत जनावराचे मांस सोडायला सांगितले. त्याच परिषदेत इतरांनी आपली मेलेली जनावरे आपणच पुरावीत, असेही आवाहन झाले. आपल्या आजोबा-पणजोबांनी ते ऐकले. ढोरे ओढणे सोडले, त्यासाठी गावाचा बहिष्कार सोसला. तो आपल्या इतिहासातला अभिमानाचा भाग आहे. बाबासाहेबांनी ते स्वाभिमानासाठी सांगितले होते. आज या आजाराची माहिती वाचताना कळते की त्या निर्णयाने किती घरे रोगराईपासूनही वाचली असतील.

पण सगळ्यांचीच त्या कामातून सुटका झाली नाही. पोटासाठी आजही काही जण मटणाच्या दुकानावर आहेत, काही सफाई खात्यात आहेत, काही दुसऱ्याच्या गोठ्यात गडी आहेत. आणि गावात कुणाची गाय गाभडली की अजूनही निरोप बरेचदा आपल्याच वस्तीत येतो. पन्नास-शंभर रुपये हातावर टेकवतात आणि ती घाण उघड्या हाताने उचलायला लावतात.

असे काम करणाऱ्याला वस्तीत कुणी टोमणा मारतो, दवाखान्यात कुणी नाक मुरडते. त्यातून माणूस "मजुरी" एवढेच सांगायला शिकतो. ही लाज त्याची नाही. लाज वाटायची तर उघड्या हाताने ते काम करवून घेणाऱ्याला वाटावी. आपण वस्तीतल्या लोकांनी त्याला नावे ठेवणे थांबवले, तरच तो डॉक्टरसमोर मोकळेपणाने बोलेल. त्याचे निदान कधी होईल हे काही अंशी आपल्या वागण्यावर ठरते.

तपासणी

ब्रुसेल्लोसिस नुसता हात लावून किंवा नाडी पाहून कळत नाही. रक्त तपासावे लागते. पहिली सोपी तपासणी 'रोज बेंगॉल' नावाची आहे. थेंबभर रक्तद्रव आणि गुलाबी औषध मिसळून काही मिनिटांत ती होते. ती बाधित आली तर 'ट्यूब अॅग्लुटिनेशन' किंवा 'एलायझा' तपासणी करून खात्री करतात. रक्तातून जंतू वाढवून बघण्याची 'कल्चर' तपासणी सर्वांत खात्रीची, पण तिला बरेच दिवस लागतात. प्रयोगशाळेतल्या माणसालाही हा जंतू लागू शकतो, म्हणून संशय असेल तर तसे प्रयोगशाळेला आधी कळवावे लागते. त्यासाठीही आपले काम सांगणे गरजेचे आहे.

प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी होत नसेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा चंद्रपूर, नागपूर, सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात चिठ्ठी मागा. बरोबर आधीचे सगळे कागद न्या. टायफॉइडची विडाल तपासणी किंचित वाढलेली असली म्हणून टायफॉइडच आहे असे नसते.

उपचार

हा आजार बरा होतो. पण एका औषधाने आणि आठ दिवसांत बरा होत नाही. बहुतेक रुग्णांना डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन ही दोन औषधे सहा आठवडे देतात. काहींना डॉक्सिसायक्लिनबरोबर स्ट्रेप्टोमायसिन किंवा जेंटामायसिनची इंजेक्शने देतात. मणक्यात किंवा हृदयात आजार गेला असेल तर औषध अधिक महिने चालते. गरोदर बाया आणि आठ वर्षांखालील मुले यांची औषधे वेगळी असतात.

इथे चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली, आठ-दहा दिवसांत ताप उतरतो आणि बरे वाटते. तिथेच बरेच जण गोळ्या सोडतात. मग काही आठवड्यांनी ताप परत येतो. सहा आठवडे म्हणजे पूर्ण सहा आठवडे.

दुसरी, रिफाम्पिसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन ही टीबीचीही औषधे आहेत. रुग्णाला टीबी असेल आणि तो न तपासता ती दिली, तर टीबी अर्धवट दबतो आणि पुढे औषधांना दाद देत नाही. म्हणून मेडिकल दुकानातून स्वतःच्या मनाने ही औषधे कधीही घेऊ नका.

तिसरी, रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी-लाल होते. ते रक्त नसते, घाबरू नका. पण गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम त्याने कमी होतो. त्या गोळ्या घेणाऱ्या भगिनींनी डॉक्टरांना सांगून दुसरा उपाय घ्यावा.

चौथी, डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्यावे. गोळी घेऊन लगेच आडवे होऊ नये. दुधाबरोबर घेऊ नये. उपचार सुरू असताना दारू पूर्ण बंद, कारण दोन्हींचा भार यकृतावर पडतो.

कामावर घ्यायची काळजी

कापणाऱ्याने आणि साफ करणाऱ्याने कोपरापर्यंत रबरी हातमोजे, प्लास्टिकचा अंगरखा, गमबूट आणि डोळ्यांवर साधा पारदर्शक चष्मा घालावा. हाताला चीर असेल तर चिकटपट्टी लावून वर मोजा घालावा. सुरी लागली तर वाहत्या पाण्यात साबणाने जखम चांगली धुवावी. डोळ्यात उडाले तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा. जनावर संशयित असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. आजार होण्याआधीच औषध द्यायचे का, ते डॉक्टर ठरवतील.

आता खर्ऱ्याबद्दल. आपल्या भागात काम करता करता खर्रा घोटणे आणि तोंडात टाकणे सर्रास चालते. रक्ताळलेल्या हाताने घोटलेला खर्रा म्हणजे जंतू सरळ तोंडात. खर्रा सुटत नसेल तर निदान काम संपून, साबणाने हात धुऊन, मगच. बिडीचेही तेच.

कामाचे कपडे घरी आणून सगळ्यांच्या कपड्यांत भिजवू नका. वेगळे, गरम पाण्यात धुवा. लहान मुलाला कडेवर घेण्याआधी अंघोळ करा.

घरी बकरी किंवा गाय असेल तर

जनावर गाभडले की त्याला बाकीच्यांपासून वेगळे बांधा. गर्भ आणि वार उघड्या हाताने उचलू नका. हातमोजे नसतील तर दोन जाड प्लास्टिकच्या पिशव्या हातात घाला आणि तोंडाला रुमाल बांधा. विहीर, नाला आणि बोअरवेलपासून दूर पाच-सहा फूट खड्डा करून चुना टाका, त्यात पुरा आणि वर पुन्हा चुना टाकून दगड ठेवा. जंगलाला लागून असलेल्या गावात खड्डा उथळ राहिला तर कुत्री आणि रानडुकरे रात्रीतून तो उकरतात. नाल्यात किंवा उकिरड्यावर तर मुळीच टाकू नका. जागा ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवा. सावलीच्या ओलसर जागी हा जंतू आठवडे-महिने टिकतो. कडक उन्हात लवकर मरतो.

गरोदर बाईने आणि लहान मुलांनी त्या कामाजवळ जाऊ नये. त्या जनावराचे शेण किमान महिनाभर सारवायला किंवा गोवऱ्या थापायला घेऊ नका.

दूध उकळूनच प्या. चांगली उकळी आली की हा जंतू मरतो. चिकाचा खरवस पूर्ण शिजवून खा. कच्च्या दुधाचे दही, ताक, लोणी यांत जंतू राहू शकतो. फ्रिजमध्ये ठेवल्याने तो मरत नाही. मटण, कलेजी पूर्ण शिजवा. मुलांना "ताकद येते" म्हणून बकरीचे धारोष्ण दूध पाजण्याची पद्धत सोडून द्या.

गाभडलेले जनावर बाजारात विकू नका. त्यात आपले नुकसान होते, हे खरे. पण ते जनावर दुसऱ्या गरिबाच्या घरी जाते आणि त्याच्या लेकरांना ताप देते. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा १९६२ या सरकारी क्रमांकावर फोन करून रक्त तपासणी मागा. जनावरात या आजारावर खात्रीचे औषध नाही, पण लस आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि वगारींना ही लस मोफत देतात. आयुष्यात एकदाच टोचावी लागते. नरांना आणि गाभण जनावरांना ती देत नाहीत. लसीत जिवंत जंतू असतो, म्हणून ती प्रशिक्षित माणसानेच टोचावी. सुई स्वतःला लागली तर लगेच डॉक्टरांकडे जावे. बकऱ्या या मोहिमेत नाहीत. म्हणून बकऱ्यांच्या बाबतीत स्वच्छता हाच आपला आधार आहे.

हक्काची गोष्ट

हा आजार कामामुळे होतो, हे कायद्याला मान्य आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत कामामुळे होणाऱ्या आजारांची यादी होती. जनावरे, मेलेली जनावरे किंवा त्यांचे अवयव हाताळण्याच्या कामातून लागणारे संसर्गजन्य रोग त्यात लिहिलेले होते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही यादी आली आहे. म्हणजे एखाद्या मालकाकडे, ठेकेदाराकडे किंवा नगरपरिषदेत असे काम करणाऱ्याला हा आजार झाला, तर तो कामावर झालेल्या अपघातासारखा धरून भरपाई मागता येते. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर मंत्री होते. कामगाराच्या आजारपणाची जबाबदारी त्याच्या एकट्याची नाही, हा विचार त्यांनी तिथे पुढे रेटला.

पण हक्क मागायला कागद लागतो. केसपेपरवर "मजुरी" लिहिलेले असेल तर पुढे काही सिद्ध करता येत नाही. "कत्तलखाना कामगार" किंवा "मृत जनावरे उचलण्याचे काम" असे लिहिलेले असेल तर आधार मिळतो. म्हणून डॉक्टरांना नुसते सांगू नका, लिहायलाही सांगा. हजेरीची चिठ्ठी, पगाराची नोंद, ओळखपत्र जपून ठेवा. स्वतःचे छोटे दुकान चालवणाऱ्याला हा कायदा लागू होत नाही; त्याने हातमोजे आणि तपासणी यांवर स्वतः खर्च करणे हाच शहाणपणा.

नेहमी विचारले जाणारे

रुग्णाजवळ बसल्याने हा आजार लागतो का? नाही. माणसाकडून माणसाला तो फारच क्वचित लागतो. रुग्णाचे ताट-पेला वेगळे करू नका. आपल्या लोकांनी वेगळे ताट पुष्कळ पाहिले आहे. आजाऱ्यासाठी ते पुन्हा मांडू नका.

एकदा झाला की पुन्हा होतो का? औषध अर्धवट सोडले तर उलटतो. काम तसेच उघड्या हाताने चालू राहिले तर नव्यानेही होऊ शकतो.

मटण खाणे बंद करावे का? आजाराच्या कारणाने तशी गरज नाही. पूर्ण शिजलेले मांस आणि उकळलेले दूध यांतून हा आजार लागत नाही.

डॉक्टरांना सांगायची पाच वाक्ये

हा भाग कापून भिंतीला चिकटवा.

१. मला इतक्या दिवसांपासून ताप आहे, संध्याकाळी वाढतो, रात्री घाम येतो.
२. मी जनावरे कापण्याचे, साफ करण्याचे, उचलण्याचे किंवा पाळण्याचे काम करतो.
३. गेल्या सहा महिन्यांत मी गाभडलेल्या जनावराला हात लावला आहे, किंवा कच्चे दूध प्यायलो आहे.
४. मलेरिया आणि टीबीची तपासणी झाली आहे किंवा झालेली नाही.
५. ब्रुसेल्लाची तपासणी करावी का, आणि माझे काम केसपेपरवर लिहाल का?

येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर हा लेख कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापर्यंत तो पोहोचेल. त्याच बैठकीत वस्तीतल्या किती घरांत बकऱ्या आहेत, कोण कत्तलखान्यात किंवा सफाईत कामाला आहे, कुणाला महिनाभर ताप आहे, हे नावे न ठेवता विचारावे. एकाला जरी वेळेवर चिठ्ठी मिळाली आणि तो सहा आठवड्यांत उठून कामाला लागला, तर हे वाचणे कारणी लागले.

जयभीम.